खालच्या बांधीतलं धान
खताचं पोतं उसवलं की तो झोंबरा वास नाकात जातो आणि माझं डोकं आजही तापतं. लढाईचे दिवस होते, मी सासरी नवीन होते. तलावाखाली आमची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातखाचर, आणि तिच्या खालच्या अंगाला शेजाऱ्याची. आमचं धान पिवळं पडलं, म्हणून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सरकारी माणसाकडून मिठासारखं पांढरं खत आणलं. "चार दिवस बांधीतलं पाणी बाहेर जाऊ देऊ नका," असं त्यानं दोनदा बजावलं होतं. गुडघाभर चिखलात उतरून खत मीच फेकलं. हाताच्या भेगा नुसत्या चुरचुरत होत्या. मग बांधाचं तोंड बुजवायला मी चिखलाचा गोळा उचलला, तर मामाजी ओरडले, "काय करून राह्यली वं? खालच्याचं पानी कोनी अडवते का?" "चारच दिवस, मामाजी!" "अन् त्याचं धान सुकलं म्हंजे?" झालं! पाणी वाहत राहिलं, खतही त्याच्यासंगं गेलं. पंधरा दिवसांनी आमचं धान तसंच पिवळं, आणि शेजाऱ्याचं काळंभोर हिरवं. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "म्या सांगतलं व्हतं तुमाले, त्या मिठानं काई होत नाई. पाहा माह्यं धान, नुसत्या शेनखतावर!" मामाजींनी मान डोलावली, "खरं हाय बाप्पा," आणि उरलेलं खत माझ्याच हातानं उकिरड्यावर ओतवलं. आता बांधीचा कारभार माझ्याकडे आहे. खत टाकलं की तोंड मी स्वतः बुजवते, आणि खालच्याचं धान सुकेल म्हणून दुसऱ्याच दिवशी चरफडत उघडते.