विचार केला, एकोणचाळीस मिनिटं

काकूंना मोबाइलवर गेम खेळायचा पगार मिळतो, ही गोष्ट त्यांच्या जाऊबाईंना कधी पचलीच नाही. "आमची पोरं खेळली तर धपाटे, आणि तू खेळलीस तर पगार? बरंय बाई तुझं!" असं त्या चारचौघांत म्हणायच्या. काकू हसून सोडून द्यायच्या. खेळणं आणि खेळातल्या चुका काढणं यात जेवणं आणि तांदूळ निवडणं एवढा फरक आहे, हे कुणाकुणाला सांगत बसायचं?

बावीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. ओळीखाली पट्टी धरायची आणि पट्टी सरकल्याशिवाय नजर सरकू द्यायची नाही, ही तिथली शिस्त. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या बाईला नव्यानं नोकरी देणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर घाईत असतो. त्यांना भेटलेला मालक दोन्ही होता. तीस वर्षांचा, दाढीवाला, गेमची कंपनी काढून जेमतेम दीड वर्ष झालेलं. मुलाखतीत त्यानं त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि काकूंनी तासाभरात अकरा चुका काढल्या. त्यातली एक भिंतीवरच्या कंपनीच्या पाटीत होती.

ऑफिस म्हणजे एक लांब खोली, दोन टेबलं, कोपऱ्यात कुणीच न बसणारी एक गुबगुबीत गादी आणि 'पुसू नये' असं लिहिलेला एक फळा. प्रोग्रॅम लिहिणारी पाच जणं. कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली यावर ती तासन् तास हमरीतुमरीवर यायची. काकूंना त्यातली एकही भाषा येत नव्हती. सगळ्या भाषांत चुका करता येतात, एवढं त्यांना कळलं होतं आणि कामापुरतं ते पुष्कळ होतं.

या पाच जणांत जो मुख्य, त्याचं नाव काकूंनी मनातल्या मनात 'चालतंय' ठेवलं होतं. कुठलीही चूक दाखवा, तो स्वतःचा मोबाइल काढणार, दोनदा अंगठा फिरवणार आणि म्हणणार, "काकू, माझ्याकडे चालतंय." पोरगा हुशार, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

नवा गेम बंद दारांचा होता. प्रत्येक दाराला एक कोडं, अशी साठ दारं. खेळणारा अडला की वीस सेकंदांनी फांदीवर एक पोपट येऊन बसायचा आणि इशारा द्यायचा. काकूंना गेम मनापासून आवडला होता. फक्त एकेचाळिसाव्या दाराचं कोडं त्यांना काही केल्या सुटत नव्हतं आणि तिथंच त्यांचा मोबाइल गारठायचा. बोट लावा, हलवा, काही उपयोग नाही. एकदा नाही, तीन आठवड्यांत तेरा वेळा.

आणि तो फक्त त्यांचाच गारठायचा. चालतंयनं तेच दार तीस वेळा उघडून दाखवलं. तपासणीसाठी त्यानं एक प्रोग्रॅमही लिहिला होता, तो तर साठही दारं चार मिनिटांत फटाफट उघडायचा. शेवटी काकूंच्या तक्रारीवर त्यानं शेरा मारला: 'पुन्हा घडत नाही. बंद.'

गुरुवारी मालकानं त्यांना बाजूला बोलावलं. बिचारा चहाच्या कपाकडे बघत बोलत होता. "काकू, उद्या दुपारी तीनला गेम लोकांसाठी खुला करतोय. त्यानंतर तपासणीचं काम प्रोग्रॅमच करेल. तुमचं काम... म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं नाही हं!"

काकूंना वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं. नोकरीचं तर होतंच. पण चूक डोळ्यांसमोर असताना कागद छपाईला जाऊ द्यायचा, हे त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं. ते आता करून घरी जायचं?

शुक्रवारी सकाळी त्यांनी आपली वही काढली. या वहीची सगळे टिंगल करायचे, कारण काकू खेळताना केलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहायच्या. उजवा अंगठा. चष्मा पुसला. मोबाइल टेबलावर ठेवला. त्यांनी पट्टी घेतली आणि तेराही पानं ओळीनं वाचली. कधी चष्मा पुसला होता, कधी नव्हता. कधी अंगठा होता, कधी तर्जनी. पण मोबाइल गारठण्याआधीची ओळ तेरा वेळा तीच होती: 'विचार केला.' आणि पुढे मिनिटं. एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस.

त्या उठल्या आणि थेट खोलीच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी एकेचाळिसावं दार उघडा आणि मोबाइल टेबलावर ठेवा. चाळीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही."

"काकू, आज? लोक असं खेळत नाहीत हो!" चालतंय कळवळला.

"तुम्ही खेळत नाही. तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुमच्या प्रोग्रॅमलाही माहीत आहे. ज्याला माहीत नाही, तो काय करेल? विचार करेल. तेवढीच एक गोष्ट इथं कुणी करून बघितलेली नाही!"

मालकानं घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. "ठेवा रे," तो म्हणाला.

सहा मोबाइल टेबलावर ओळीनं मांडले गेले. आणि मग काय मजा आली म्हणता! मोबाइल समोर उजळलेला आणि त्याला हात लावायचा नाही, ही शिक्षा त्या पोरांनी जन्मात भोगली नव्हती. एकानं हात मांडीखाली दाबून धरले. एक पोरगी छताकडे बघत बसली. मालकानं दाढी खाजवली. काकू मात्र पट्टी हातात घेऊन परीक्षेतल्या बाईंसारख्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या. मनात एकच प्रश्न होता. नाहीच गारठला तर? मग वही पिशवीत, पिशवी खांद्यावर आणि जय राम जी की.

तीस मिनिटं झाली. पस्तीस झाली. पोपट फांदीवर मान वेळावत होता. चालतंय हळूच हसायला लागला.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला पहिल्या मोबाइलवरच्या पोपटाची मान वाकडी झाली ती तशीच राहिली. मग दुसऱ्यावरची. मग एकदम तीन. सहावा मोबाइल चालतंयचा होता. तोही गेला.

मग ती छताकडे बघणारी पोरगी ओरडली, "काकूऽऽ!" आणि एकच गलका झाला.

चालतंय त्यात नव्हता. तो खुर्चीत कोसळून कोड धुंडाळत होता. दहा मिनिटांत त्यानं डोक्याला हात लावला. दर वीस सेकंदांनी नवा पोपट यायचा, पण जुना उडून जायचाच नाही. नवा बरोबर जुन्याच्या मागे बसायचा, म्हणून दिसायला एकच. एकोणचाळीस मिनिटांत एका फांदीवर एकशे सतरा पोपट. इतक्यांचा भार कुठला मोबाइल सोसणार?

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. तीनचा गेम पाचला खुला झाला, आणि कोडं सुटेना म्हणून तासन् तास डोकं धरून बसणाऱ्या पहिल्याच माणसाचा मोबाइल ठणठणीत राहिला. मालकानं फळ्यावरचं 'पुसू नये' बेलाशक पुसलं आणि तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'काकूंनी हो म्हटल्याशिवाय काहीही खुलं करायचं नाही.' काकूंनी जवळ जाऊन ते वाचलं. एकही चूक नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, पिशवीतून वही आणि पट्टी काढली. खुर्ची ओढेपर्यंत चालतंय समोर येऊन उभा. हातात मोबाइल, मान खाली.

"काकू," तो म्हणाला, "जरा बघता? माझ्याकडे चालत नाहीये."

काकूंनी बाजूची खुर्ची पुढे सरकवली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"बस," त्या म्हणाल्या. "काय काय केलंस, पहिल्यापासून सांग."