यादीतली भुतं

हे गेले. यांचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि आगरदांड्याच्या घरात मी एकटी उरले. सकाळ कशीबशी निघायची, सकाळी कामं असतात. दुपारी जेवण झालं की घर खायला उठायचं.

दुपारी हे खाटेवर पडून गेम खेळायचे. जन्मभर जेटीवर फेरीबोटीचे दोर बांधले आणि रिटायर झाल्यावर लागला हा नाद. मुलीने मुंबईहून आणलेलं तळहाताएवढं यंत्र, त्यात टीव्ही-गेमच्या काळातले जुने खेळ. मी शाळेत मास्तरीण. असली खेळणी पोरांच्या हातातून काढून कपाटात टाकण्यात माझी नोकरी गेली, आणि माझ्याच घरात रोज दुपारी तीच टुंगटुंग! मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, आवाज कमी करा!" हे तेवढ्यापुरता करायचे.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांचा गेम तूच खेळ की. दुपार तरी जाईल."

आधी मी झटकून टाकलं. मग एका दुपारी यंत्र हातात घेतलं. त्यांचा तो विटा रचायचा खेळ मला एकदा तरी उघडायचा होता. चार हातांवर खाटेवर असलेला माणूस रोज दुपारभर कुठे जायचा, ते मला बघायचं होतं.

यादी उघडली तर प्रत्येक नाव दोनदा. खालचं नाव दाबलं की पडदा काळाठिक्कर, मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. दोन-तीनदा असं झाल्यावर माझं डोकं फिरलं. आमची मुलगी मुंबईहून येताना सगळं दोन-दोन आणते, दोन टॉर्च, दोन छत्र्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. मला वाटलं, गेमही तसेच भरले. फोन लावून तिला झाडलं.

ती हसली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "अगं, ते गेमच नाहीत. कार्डवर काही टाकलं की माझा लॅपटॉप प्रत्येक फाइलबरोबर आपली एक लपवलेली फाइल सोडून देतो. मला ती दिसत नाही, पण त्या यंत्राला दिसते. ज्यांच्या नावाआधी टिंब आणि रेघ आहे, तेवढ्या उडव. बाकी कशाला हात लावू नकोस, नाहीतर खरे गेम जातील."

घरात जुना कॉम्प्युटर होता. कार्ड त्यात घातलं, लपवलेल्या फाइल्स कशा दाखवायच्या ते तिने फोनवरच सांगितलं, आणि मी बसले तांदळातले खडे वेचायला. खरं सांगायचं तर मजा आली. कितीतरी दिवसांनी हाताला काम लागलं होतं. एकेक फोल्डर लख्ख करत शेवटी यांचा विटांचा खेळ होता त्या फोल्डरपाशी आले. टिंबवाल्या सगळ्या फाइल्स निवडल्या, डिलीटवर बोट ठेवलं, आणि तो आवाज आठवला.

खट्-खट्. खट्-खट्. खट्-खट्. बटणाचा हा आवाज खेळ सुरू व्हायच्या आधी स्वयंपाकघरात रोज ऐकू यायचा, नेहमी जोडीने. एकदा मी वैतागून विचारलंही होतं, "एकदा दाबून भागत नाही का हो?"

"न्हाय. मधी भूत हाय. त्याला सोडून जावं लागतं," हे म्हणाले होते.

मला वाटलं, थट्टा करतायत. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की हे पाऊस संपू दे म्हणायचे. ती बारीक अक्षरं यांना दिसतच नव्हती. अंधारात दोर बांधायची सवय असलेला माणूस, एक दाब खऱ्या नावाचा, एक भुताचा, अशी अंगठ्याने वाट पाठ करून बसला होता. मुलीकडे कधी तक्रार केली नाही, की माझ्याकडे. आणि ती वाट मी आता साफ करायला निघाले होते. मला रडू फुटलं.

त्या फोल्डरमधलं एकही भूत मी काढलं नाही. कार्ड परत यंत्रात घातलं आणि यांच्या खाटेवर, यांच्या जागेवर बसले. फोल्डर उघडून डोळे मिटून घेतले. खट्-खट्. खट्-खट्. खट्-खट्. मग मोठं बटण दाबलं.

तीच टुंगटुंग सुरू झाली. डोळे उघडले तर विटा पडत होत्या. त्या कशा वळवायच्या, कुठे बसवायच्या, मला काही ठाऊक नव्हतं. मी आवाज होता तेवढा वाढवला, यंत्र उशीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिले.

"अहो, आवाज कमी करा!" मी ओरडले.

आवाज कमी झाला नाही. थोड्या वेळाने विटा वरपर्यंत भरल्या असाव्यात. हरल्याची धून वाजली आणि मग तीही थांबली.