'भरल्या' म्हणजे काय

आमच्या यांची खाकी पँट कधी धड राहिली नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते बॅटरीच्या खोलीत कामाला होते. तेजाबाचा थेंब उडाला तर त्या दिवशी काही दिसायचं नाही. मी पँट धुऊन पिळली की भोक पडायचं. मी चिडून म्हणायची, "तुमच्या बॅटऱ्यांले दुसरं काही खायले भेटत नाही काय?" ते हसायचे. तेव्हा आमच्या घरात हसणं होतं, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. कारखान्यात मोठी भट्टी होती. ती थंड ठेवायला तिच्याभोवती सारखं पाणी फिरवावं लागे. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत तो पाण्याचा पंप बॅटऱ्यांवर चालायचा. त्यासाठी एका खोलीत लोणच्याच्या बरण्यांएवढ्या काचेच्या बॅटऱ्या लाकडी मांडणीवर रांगेनं ठेवलेल्या. त्यांची कामं दोन. लाइट असली की त्या चार्ज करायच्या, आणि उन्हानं आटलेलं पाणी वरून घालायचं. नागपूरचा उन्हाळा माणसातलं पाणी ठेवत नाही, बॅटरीतलं काय ठेवणार!

माझा धाकटा भाऊ उमरेडला आमच्या घरच्या हातमागावर बसायचा. मागाचे दिवस सरत आले होते. मी यांच्या मागंच लागले, की त्याला कुठंतरी चिकटवा. यांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला आपल्याच खोलीत घेतलं, हाताला धरून काम शिकवलं. पहिल्या पाळीला भाऊ, दुसऱ्या पाळीला हे. बाकीचे कामगार त्या खोलीला 'सासुरवाडी' म्हणायचे. "काय गा, सासुरवाडीले चालला काय?" असं यांना रोज कोणीतरी विचारायचंच. यांनाही ते आवडायचं.

मे महिन्यात एका दिवशी सकाळपासून लाइट येत होती आणि जात होती. भावाला चार्जिंग काही करता येईना. रिकामं कशाला बसायचं म्हणून त्यानं सगळ्या बॅटऱ्यांत पाणी घातलं. पाळी बदलताना हे दारात आले. भावाला कंपनीची बस पकडायची घाई होती.

"भरल्या काय गा?"

"हो भाऊजी, सगळ्या भरल्या."

एवढंच बोलणं झालं. एवढ्यावर माझं माहेर गेलं.

आमच्या उमरेडच्या घरी भरणं म्हणजे भरणंच. मडकं भरायचं, मागाची कांडी भरायची, बॅटरीत पाणी भरायचं. यांच्या गावची गोष्ट वेगळी. यांच्या काकांकडे रेडिओ होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. ती उतरली की बैलगाडीत घालून तालुक्याला न्यायची आणि 'भरून' आणायची. म्हणजे चार्ज करून. लहानपणापासून यांच्या कानाला भरणं म्हणजे तेच.

दुपारी लाइट टिकली, पण बॅटऱ्या भरलेल्याच आहेत म्हणून यांनी चार्जिंग लावलं नाही. संध्याकाळी लाइट गेली. जनरेटर नेमका धरेना. पंप थोडा वेळ घरघरला आणि बसला. भट्टीला तडा गेला. कोणाच्या अंगावर काही आलं नाही, हेच नशीब म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. तेजाबात किती जोर आहे, म्हणजे बॅटरी किती चार्ज आहे, ते काचेच्या नळीनं मोजता येतं, तिला हायड्रोमीटर म्हणतात. "नळी लावून का पाहिलं नाही?" असं यांना विचारलं. हे म्हणाले, "साळ्याच्या शब्दाले काय हायड्रोमीटर लावू, साहेब?" मग भावाला विचारलं, तू काय सांगितलं होतं? तो म्हणाला, "मी पाणी भरल्याचं सांगितलं होतं." तो खरंच बोलला. साहेबांनी यांना ट्रकमध्ये माल चढवायच्या कामावर टाकलं. भाऊ बॅटरीच्या खोलीतच राहिला.

हे घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता बोलायला लागले. "पाणी हा शब्द त्यानं तोंडातून काढला नव्हता वं! साहेबासमोर बरोबर आठवलं त्याले पाणी. ज्याले हात धरून शिकवलं, त्यानं माह्याच पाठीवर पाय देला."

मी भावाकडे गेले तर तो रडकुंडीला आलेला. "बाई, मंग मी खोटं बोलू काय? चार्ज केल्या म्हणू, अन् माही नोकरी घालवू?"

माय वं! दोघंही खरे, आणि मी मध्ये. काकांचा रेडिओ मी यांना आठवून दिला, घरची कांडी त्याला आठवून दिली. एका शब्दाचा घोळ आहे बाप्पा, कोणाचा गुन्हा नाही, असं घसा बसेपर्यंत सांगितलं. दोघांनाही ते पटलं, हे मी पैजेवर सांगते. पण हे म्हणाले, "मंग त्यानं यावं." आणि तो म्हणाला, "मंग भाऊजींनी बोलवावं." एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणतात ना, ते मी माझ्या घरात पाहिलं. दरवर्षी भाऊबीजेला ताट घेऊन मीच त्याच्या खोलीवर जायची. परत आले की हे विचारायचे, "खाल्लं काय तिथं?" दुसरं काही विचारायचे नाहीत. पण माझी वाट पाहत जागेवरच बसलेले असायचे.

काही वर्षांनी भावाला कावीळ झाली. ती पोटात उतरली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्याला ठेवलं. मी रोज यांना म्हणायची, "चला ना, तो तुमची वाट पाहून राहिला." हे म्हणायचे, "उद्या पाहू." एकदा मी भांडंच आपटलं. "उद्या उद्या करता, उद्या काय तुमच्या बापाची हाय?" तरी गेले नाहीत.

शेवटी गेले तेव्हा भावाची शुद्ध हरपली होती. हे स्टुलावर बसले. खूप वेळ त्याच्या हाताकडे पाहत राहिले. मग वाकून, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "अगा, तू बरोबर बोलला होता. पाणीच भरलं होतं तुवा. मले माहीत होतं."

भावाची पापणीसुद्धा हलली नाही.

यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मूल पाहतं तसं. "ऐकलं असन ना वं त्यानं?"

हो म्हणायला काय लागत होतं? माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणालीही असती. पण इतकी वर्षं दोन्हीकडे बोलून बोलून मी थकले होते, आणि माझा भाऊ समोर मरत होता.

"नाही," मी म्हटलं. "नाही ऐकलं."