आप्पांच्या हौदाची मोटार

काल रात्री माझे वडील गेले, आणि आज सकाळी घरात प्रेत असताना मी मोटार चालू केली.

हो, मीच. नातेवाइकांत बोलणं चालू आहे ते कानावर आलंय. म्हणून इथेच लिहिते, सगळ्यांना एकदाच कळू दे.

आप्पा सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते. काम काय, तर रंगाचं घाण पाणी साफ करून सोडायच्या प्लांटवर ड्युटी.

त्या प्लांटच्या टाकीत बारीक जिवाणू असतात. ते घाण खातात. त्यांना चोवीस तास हवा लागते, हवा थांबली की मरतात.

आणि सुपरवायझरचा हुकूम काय? तपासणीवाले साहेब आले की प्लांट चालू. साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की बंद.

बटण दाबायचे आप्पा. पाणी लाल, निळं, जांभळं, जसं असेल तसं खाडीत.

वर्षानुवर्षं त्यांनी ते बटण दाबलं. घरी येऊन हात घासघासून धुवायचे. आई म्हणायची, "रंग तर कुठेच दिसत नाही, काय घासताय?"

मग एका उन्हाळ्यात त्यांनी आमच्या रो हाऊसच्या मागे, परसात, खड्डा खणायला घेतला.

आई म्हणाली, "हे काय आता?"

"कोई मासे पाळणार. जपानी. रंगीत."

"रंग बघून पोट भरलं नाही का तुमचं?"

आप्पा हसले आणि खणत राहिले.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद, छातीएवढा खोल हौद. तळाला उतार, म्हणजे घाण एका कोपऱ्यात येईल. बाजूला विटांचे तीन कप्पे. पहिल्यात गाळ बसायचा. दुसऱ्यात नायलॉनची जाळी. तिसऱ्यात तापीतले गोटे. तिथून मोटार पाणी उचलायची आणि परत हौदात सोडायची.

मिलमधले रंगाचे रिकामे ड्रम फुकट मिळत होते. एकही आणला नाही.

हौद भरला, मोटार लावली, आणि दीड महिना त्यात दोन साधे मासे सोडून काही नाही. गल्ली हसायची. शेजारचे मगनकाका रोज कुंपणावरून विचारायचे, "पाटील, पांडेसरामां माछली जीवे?"

आप्पा म्हणायचे, "आधी पाणी जगू द्या."

मग साध्या माशांच्या जागी अकरा कोई आले. पाणी इतकं स्वच्छ की माशाचा खवला न् खवला मोजावा. आप्पा ड्युटीवरून आले की डबा बाजूला ठेवून आधी तिथे बसायचे. माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाणी साफ केलं होतं, आणि ते बंद करा म्हणणारा कोणी नव्हता.

त्याच साली सुरतमध्ये प्लेग आला.

आला आणि गेला, पण त्या दिवाळीला अख्खं शहर घासत सुटलं होतं. घरोघरी ब्लिचिंग पावडर. मी नववीत. आप्पा ड्युटीवर. म्हटलं आप्पांना खूश करू. गोट्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता, शी वाटायचं बघून. मोटार बंद केली, गोटे काढले, जाळी काढली, ब्लिचिंग लावून खसाखसा घासलं. पांढरेशुभ्र केले. परत रचून मोटार लावली.

चार दिवसांत नऊ मासे मेले.

तो बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर होता. जिवाणू त्यातच राहत होते. मी सगळे धुऊन काढले होते.

मी कोपऱ्यात बसून रडत होते. आप्पा शेजारी येऊन बसले. फार मनातलं असलं की ते अहिराणीत बोलायचे.

"तुनी चूक नही. मी तुले सांगंच नही."

मगनकाका कुंपणाशी आलेच. "शुं थयुं, पाटील?"

आप्पा म्हणाले, "मीच धुतला फिल्टर. अक्कल नव्हती."

माझं नावसुद्धा काढलं नाही. पुढे वर्षभर गल्लीने त्यांना चिडवलं. त्यांनी खुशाल चिडवू दिलं.

वाचलेले दोन मासे टबात ठेवले आणि परत पहिल्यापासून सुरुवात. परत दीड महिना वाट.

त्याच दिवसांत मिलमध्ये साहेबांची गाडी गेटबाहेर गेली आणि सुपरवायझर म्हणाला, "पाटील, बंद करो."

आप्पा म्हणाले, "आता नाही करणार. तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी त्यांना गोडाऊनला गठ्ठे उचलायला टाकलं. निवृत्त होईपर्यंत गठ्ठेच उचलले. कंबर गेली.

घरची मोटार मात्र त्यानंतर कधी बंद केली नाही. लाईट गेली की बादलीने पाणी वर ओतायचे. आम्हालाही जुंपायचे. मला सांगून ठेवलं होतं, "पोरी, बाकी काही कर. मोटार बंद करू नको."

आज सकाळी पुढच्या खोलीत त्यांना खाली ठेवलं होतं. धरणगावहून मोठे काका आले. म्हणाले, "घरात प्रेत आहे, मागे हे पाणी कसलं खळखळतंय? बरं दिसत नाही." आणि मागे जाऊन स्विच बंद केला.

मी उठले, सगळ्यांसमोरून मागे गेले, चालू केला.

काका म्हणाले, "तुला काही वाटतं का?"

"वाटतं, काका. म्हणूनच."

आप्पांनी ज्यांच्या ज्यांच्या हुकमाने बटण दाबलं, ते सगळे मोठेच होते. मला मोठं-लहान सांगू नका. आणि तेराव्यानंतर हौद बुजवून खोली काढायचं जे चाललंय, ते माझ्या तोंडावर येऊन बोला.

बाप गेला माझा. खूप दुखतंय. पण त्यांना पाण्याच्या आवाजातच नेलं.

आप्पा, निश्चिंत जा.

मोटार चालू आहे.