वीतभर आत

जीवराम सरांना स्वस्थ बसलेलं मी चोवीस वर्षांत पाहिलेलं नाही. स्टाफरूममधला चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत पितात आणि निम्मा सदऱ्यावर सांडतात. भडगाव तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात ते पी.टी. शिकवतात, मी मराठी. माझं अक्षर बरं, म्हणून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर शाळेचे विक्रम रंगवायचं काम माझ्याकडे.

आणि काम भरपूर होतं! आमच्याकडे दर वर्षी विक्रम मोडायचे. हेडसर पाहुण्यांना आधी फळा दाखवायचे, मग प्रयोगशाळा. तालुक्यानं सरांना शाल-नारळ दिला. एवढ्याशा गावात पोरं दर वर्षी आधीच्यांपेक्षा जोरात कशी पळतात, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी आपला ब्रश धुऊन ठेवायचो.

यंदा नववीतल्या शीतलनं आठशे मीटर, म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या, दोन मिनिटं पंचवीस सेकंदांत मारल्या. तिचा बाप ठाकऱ्या सातपुड्याच्या पायथ्याहून मजुरीला आला आणि इथेच राहिला. सर त्याच्याकडे धावत गेले. "पोरगी जिल्ह्यात पहिली येते बघ," म्हणाले. हे त्यांनी बोलायला नको होतं.

जळगावला ती सहावी आली. वेळ दोन अडतीस. तेरा सेकंद कुठे गेले, कुणालाच कळेना. दुसऱ्या शाळेचे एक सर हसत म्हणाले, "तुमच्या शाळेचं घड्याळ जरा दमानं चालतं वाटतं." परतीच्या एसटीत शीतल खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारी ती शाळेत आलीच नाही. सर घरी गेले, तर ठाकऱ्या म्हणाला, "पोरगी म्हनस, तिन्हामा दम नही. कापूस येचाले जास. आते शाळा बास."

सरांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दोन दिवस ते घड्याळच तपासत होते. घड्याळ बरोबर निघालं. मग बुधवारी भर उन्हात त्यांनी मला वर्गातून ओढून नेलं आणि टेपचं टोक हातात दिलं. मैदानाची फेरी दोनशे मीटरची. मोजली, तर एकशे त्र्याऐंशी. पुन्हा मोजली. तेवढीच.

मैदानाला लागून लोटन नानांचं शेत आहे. दर पेरणीला नाना बांध वीतभर कोरतात. आमच्याकडे हे पाप नाही, सवय आहे. दिवाळीआधी सर खुंटी ठोकून, दोर ताणून चुन्याच्या फक्कीची रेघ मारायला जायचे, तर रेघ थेट नानांच्या कपाशीत शिरायची. भांडण नको म्हणून सर दोराला एक गाठ मारायचे आणि रेघ आत घ्यायचे. असं, सरांचं पहिलं वर्ष सोडलं तर, दर वर्षी. मैदान नाना खात होते, आणि पोरांचा वेग वाढला म्हणून टाळ्या आम्ही वाजवत होतो.

"काय मोजी राहिनात सर?" नानांनी कपाशीतून विचारलं.

"माझी अक्कल," सर म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रेघ आत घेतोय हे मला माहीत होतं हो. पण फेरी कमी होतेय, हे मी मनाशी कधी बोललोच नाही." मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा.

सरांनी काळ्या रंगाचा डबा काढला आणि अख्ख्या फळ्यावर हात फिरवला. हेडसर ओरडत राहिले, तपासणीला काय दाखवू म्हणून. सरांनी कपाटातून पहिल्या वर्षाचं रजिस्टर काढलं. मैदान पुरं होतं ते तेवढंच एक वर्ष.

"एवढंच खरं," ते म्हणाले. "हेच लिहा."

मी नावं वाचत गेलो. मुली, आठशे मीटर: रूपा पाटील, दोन मिनिटं एकेचाळीस. तिथे माझं बोट थांबलं. सरांचंही लक्ष गेलं. ते चप्पल न घालताच निघाले, मी मागोमाग.

शीतल शेतात कापूस वेचत होती. सरांनी धापा टाकत सगळं सांगितलं: बांध, दोर, गाठी. शेवटी म्हणाले, "जळगावला तू हरलीस ना, तेव्हाच आपल्या शाळेचा विक्रम मोडलास. चोवीस वर्षांत खरा मोडणारी तू पहिली."

मला वाटलं, पोरगी हसेल. तिच्या ओटीतला कापूस खाली सांडला.

"रेघ तुम्हीनच मारेत ना?"

"मीच."

"मी चार दिस रडनू सर. मना पायस्ले शिव्या देत व्हतू."

सरांनी हात जोडले. "माझं चुकलं, बेटा." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तिनं सांडलेला कापूस गोळा केला, ओटीत भरला. मग सरांकडे न बघता म्हणाली, "सकाय शाळामा येसू. पन मैदान मी सोता मोजसू, मंगच फेऱ्या पयसू."