प्रश्न मुख्याध्यापकांमार्फत

चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती आणि आमच्या लाइव्ह चॅटमध्ये अजून प्रास्ताविकच चाललं होतं.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे दहा-बारा शाळांच्या अडचणी ऐकणारा आणि वरून मागितलेली माहिती ‘आजच, तातडीने’ गोळा करणारा माणूस. शिरूर आणि दौंडच्या शिक्षकांचा मोबाईलवर एक मोठा ग्रुप आहे. शनिवारी चार ते पाच सगळ्यांनी तिथं हजर राहायचं, एका विषयावर प्रश्न टाकायचे, ज्याला सुचेल त्यानं तिथल्या तिथं उत्तर लिहायचं, असं ठरलं. याला लाइव्ह चॅट म्हणतात. विषय होता ‘वाचनात मागे पडलेली मुलं’. होस्ट, म्हणजे यजमान, मी.

सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला यजमान केलं की तो आधी कार्यक्रमपत्रिका काढतो. मीही काढली. स्वागतगीताची क्लिप, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय, मार्गदर्शन, आभार. शिवाय शिस्त राहावी म्हणून एक नियम : प्रश्न आदल्या दिवशी मुख्याध्यापकांमार्फत पाठवावेत.

पाच वाजता ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा आणि गुलाबांचा खच पडला होता. ‘खूप छान उपक्रम सर.’ प्रश्न आले दोन. लिंक पुन्हा मिळेल का, आणि प्रमाणपत्र कधी मिळेल?

मी मोठ्या अभिमानानं फोन बायकोपुढे धरला. तिनं वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “अहो, वाढदिवस कुणाचा होता?”

दुसऱ्या दिवशी कारेगावकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन आला.

“सर, माझा प्रश्न घेतला न्हाई तुम्ही.”

“तुमचा प्रश्न आलाच नाही, मॅडम.”

“दिला होता की. मुख्याध्यापक म्हणले, असलं लिवलं तर शाळेचं नाव जातं. खोडला त्यांनी. त्याच्या जागी ‘उपक्रमास शुभेच्छा’ पाठवलं.”

त्यांच्या तिसरीच्या वर्गात पूजा नावाची मुलगी होती. आई-वडील बिहारचे, दोघंही कंपनीत कामाला. जूनपासून पूजा वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. वडील म्हणत होते, इथं काही शिकत नाही, गावी पाठवून देतो. पुढच्या रविवारी मामा न्यायला येणार होता.

“तिकडं गेल्यावर ती शाळंत जाईल का धाकटी भावंडं सांभाळंल, काय सांगावं? मला येत न्हाई सर तिला शिकवायला. एवढंच लिवलं होतं मी.”

“बुधवारी पुन्हा विचारा, मॅडम. थेट ग्रुपवर,” मी म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा चॅट ठेवलं. पत्रिका नाही, मार्फत नाही. पहिला मेसेज मीच टाकला : ‘मी शिक्षक असताना माझ्या वर्गात वीटभट्टीवरचा एक मुलगा होता. वर्षभर मी त्याला “शांत व शिस्तप्रिय” असा शेरा दिला. त्याला माझी भाषाच कळत नव्हती, हे त्यानं शाळा सोडल्यावर मला कळलं.’

एका मुख्याध्यापकांनी सवयीनं गुलाब पाठवला आणि लगेच डिलीट केला. मग मॅडमनी पूजाबद्दल लिहिलं.

वडगाव रासाईच्या बाजूचे एक जुने गुरुजी आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी लिहिलं, ‘पोरगी आईसंगं बोलती ना? मंग आईला बसवा वर्गात. ऊसतोडीच्या पोरांसाठी मी तसंच करतो.’

भांडगावच्या एक बाई म्हणाल्या, ‘आप्पा, कंपनीतून आईला सुट्टी तुम्ही देणार व्हय? मॅडम, तिचे घरातले शब्द फळ्यावर लिहा. ती वाचंल, वर्ग तिच्यामागं म्हणंल. मराठी मागनं घ्या.’

‘मराठी शाळेत हिंदी?’ कुणीतरी हटकलं.

‘फळा बाटतो का?’ हे पुन्हा आप्पा.

मग बांध फुटला. माझ्याकडं अशी दोन हायेत, माझ्याकडं पाच. एक तास ठरलेला, पावणेदोन झाले. आभार मानायचे राहूनच गेले.

शुक्रवारी मॅडमनी पूजाच्या वडलांना शाळेत बोलावलं आणि खिडकीपाशी उभं केलं. फळ्यावर लोटा, चूल्हा, तरकारी. पूजा वाचत होती, वर्ग तिच्यामागं म्हणत होता. पोरांचे उच्चार चुकले की ती हसायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. वडील म्हणाले, “अरे, ये तो बोलती है!”

मामा रविवारी आला, जेवला आणि एकटाच परत गेला. पूजाचं मराठी वाचन अजून अडखळतंच. पण ती वर्गात आहे.

मी एवढंच शिकलो : ग्रुपवर सगळे एका सुरात ‘छान’ म्हणायला लागले, की होस्टनं खुशाल समजावं, कुणाचा तरी प्रश्न आपणच खोडलाय.