मुलीच्या स्पर्धेत माझं डोकं

माझ्या मुलीने मला भर सभागृहात, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत भादरलं, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

गार्गी आमची एकुलती एक. बारावीला उत्तम मार्क मिळवून तिने जाहीर केलं, "मी हेअरड्रेसिंग शिकणार." मी कॉमर्सचा प्राध्यापक, बायको पोस्टात. आम्ही दोघांनी आठवडाभर तिला समजावून पाहिलं. पण पोरगी मागे हटली नाही. आयटीआयला प्रवेश घेतला आणि घर सरावाच्या डोक्यांनी भरून टाकलं. (म्हणजे केस लावलेली रबरी डोकी. ती सुकायला गॅलरीत ठेवायची. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी आठवडाभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं.)

मग स्पर्धेची बातमी आली. राज्यभरातले आयटीआयचे विद्यार्थी येणार, कुणी वेल्डिंगला, कुणी सुतारकामाला, कुणी फरशी बसवायला. प्रत्येक विभागात पहिल्या दोघांना शिष्यवृत्ती. ती मिळाली तर गार्गीचा वर्षभराचा पुढचा कोर्स होणार होता. नाही मिळाली तर तो आमच्या आवाक्यातला नव्हता.

माझे थोरले बंधू दादा हे ऐकून म्हणाले, "केस कापल्याबद्दल शिष्यवृत्ती? मग मला टक्कल पडल्याबद्दल पेन्शन द्या म्हणावं!"

ज्याचे केस कापायचे तो माणूस आपला आपण आणायचा, असा नियम होता. गार्गीने मित्राला, तन्मयला पटवलं होतं. तन्मय खराडीला कंपनीत, आणि केस असे की मागून बघितलं तर कुणीही "ताई, जरा सरका" म्हणावं. स्पर्धेच्या सकाळी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो, तर गेटवरच त्याचा फोन.

"गार्गी, सॉरी यार! सर्व्हर डाउन झालाय. मॅनेजर सोडत नाहीये!"

गार्गीने फोन ठेवला. गेटवरच्या वॉचमनकडे पाहिलं. त्याला टक्कल होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या डोळ्यांच्या जरा वर.

"बाबा, हेल्मेट काढ."

"का?"

"काढ ना!"

मी काढलं. आमच्या घराण्यात पुरुषांचे केस टिकत नाहीत, पण माझे टिकलेत, आणि त्याचा मला (कारण नसताना) अभिमान आहे.

"चालेल," ती म्हणाली. मग हात फिरवून किंचाळली, "बाबा! तेल लावलंयस?"

लावलं होतं. चांगलं चपचपीत. मुलीची स्पर्धा म्हणून जरा जास्तच.

पुढची पंधरा-वीस मिनिटं माझं डोकं बेसिनमध्ये होतं. शाम्पू डोळ्यांत, पाणी कानात, आणि वरून गार्गीचा आवाज, "हलू नकोस!" स्पर्धा अजून सुरूही झाली नव्हती.

खुर्चीत बसल्यावर मला वाटलं, आता आपलं काम संपलं. शेजारच्या खुर्चीत लोणी काळभोरच्या एका मुलीने तिच्या मामाला बसवलं होतं. मी ओळख करून घ्यावी म्हणून म्हटलं, "काय, आपणही बळी का?"

मामा म्हणाले, "भाचीचं काम हाय. गप बसायचं सांगितलंय."

तेवढ्यात मुख्य परीक्षक बाई येऊन थांबल्या. चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आपल्याला डोक्यासाठी बोलावलंय. तोंडासाठी नाही."

मी तोंड मिटलं. घंटा झाली आणि गार्गीने कात्री उचलली.

खरं सांगतो, घरी मी तिला काम करताना कधी धड पाहिलंच नव्हतं. मोबाइल शोधायला तीनदा घरभर फिरणारी माझी मुलगी इथे एकदाही अडखळत नव्हती. डावा हात केस उचलत होता, उजवा कापत होता, आणि नजर सतत आरशात. मधूनच दोन बोटांनी माझी हनुवटी एवढीशी वळवायची. मी बघतच राहिलो. मग तिने मशीन घेतलं आणि उजव्या कानापाशी टेकवलं.

आणि माझ्या खिशातला फोन थरथरला.

आवाज बंद ठेवायला मी विसरलो नव्हतो, पण थरथर बंद करायला विसरलो होतो. मला वाटलं मांडीवर काहीतरी चढलं! मी ताडकन उठलो. मशीन कानापासून थेट वर गेलं. घर्रर्र!

आरशात पाहिलं तर माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला नवा रस्ता झाला होता. तोही एका फटक्यात. पुण्यात एवढ्या वेगाने रस्ता झालेला मी प्रथमच पाहिला. (फोन दादांचा होता. "निकाल लागला का?" असं विचारायचं होतं त्यांना!)

शेजारचे मामा न हलता डोळे विस्फारून बघत होते. परीक्षक बाई आल्या. "वेळ वाढवून मिळणार नाही."

"नकोय मॅडम," गार्गी म्हणाली.

वर्षभराची मेहनत, तो पुढचा कोर्स, सगळं माझ्या मांडीवरच्या केसांत पडलेलं दिसत होतं. "गार्गी, माझ्यामुळे..." मी पुटपुटलो.

तिने मशीन खाली ठेवलं, मागे सरकली आणि माझ्याभोवती एक संपूर्ण चक्कर मारली. चिडली नाही, रडली नाही. मी असतो तर दोन्ही केलं असतं. मग वाकून हळूच विचारलं, "बाबा, उद्या कॉलेजला असाच गेलास तर चालेल ना?"

"असाच म्हणजे कसा?"

"ते मलापण आत्ता कळतंय. बस."

आणि ती सुटली! दोन्ही बाजू आणि मागचे केस बारीक केले, खालून वर हळूहळू दाट होत जातील असे. तो रस्ता जिथे थांबला होता, बरोबर तिथूनच सरळ भांग काढला आणि वरचे केस डावीकडे वळवले. घंटा व्हायच्या आत तिने ब्रशने माझी मान झटकली होती. आरशातला गृहस्थ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि बराच कर्तबगार दिसत होता. रस्ता कुठे होता, ते मलाच सापडेना.

लोणी काळभोरची मुलगी पहिली आली, गार्गी दुसरी. शिष्यवृत्ती दोघींना! मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की वेल्डिंगवाली मुलं दारातून डोकावून गेली. गार्गीने पहिल्या आलेल्या मुलीला मिठी मारली, आणि मी मामांना. मामा तेव्हाही हलले नाहीत.

नंतर चहाच्या टेबलावर परीक्षक बाई भेटल्या. छाती फुगवून मी म्हटलं, "मॅडम, मी गार्गीचा बाबा. एक विचारू? तिचा पहिला नंबर नेमका कशात हुकला? म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येईल."

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं, शांतपणे खाल्लं, आणि माझ्याकडे पायापासून भांगापर्यंत पाहून म्हणाल्या, "तिच्यात सुधारण्यासारखं काही नाही हो. आपण घरी थांबा."